आवडीनिवडीचा हिशेब

या सदराचे वाचक मला आता पुरते ओळखून आहेत. विषय कोणताही असो, मी हटकून घरातल्या चहाच्या कपापाशी येऊन पोहोचतो, अशी एका वाचकभगिनीची प्रेमळ तक्रार आहे. यंदा मात्र विषय मी निवडलेला नाही. तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीने निवडला. ती सातवीत आहे, आणि शाळेने तिला गणपतीच्या सुट्टीत एक काम लावून दिले होते : शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्या.

वडीलधारी माणसे आमच्या इमारतीत पुष्कळ. पण दुपारी न झोपणारा मी एकटा. तेव्हा एका हातात वही आणि दुसऱ्या हातात झाकलेली ताटली घेऊन ती आमच्या दारात उभी राहिली. ताटलीत तिच्या आईने पाठवलेले उकडीचे मोदक होते.

या मोदकांविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. आम्ही ख्रिस्ती. मूळचे नगरकडचे, पुण्यात नोकरीनिमित्त आलो आणि पुण्याचेच झालो. नैवेद्य दाखवलेला पदार्थ खाण्याविषयी आमच्यातल्या काही घरांत संकोच असतो, काही घरांत नसतो. आमच्या घरात तो माझ्या वडिलांपासून चालत आला आहे. ही गोष्ट मी वरच्या बाईंना कधी सांगितली नव्हती. सांगायची तरी कशी? कोणी प्रेमाने ताटली पुढे करावी आणि आपण शास्त्रार्थ सांगत बसावे, हे काही बरे नव्हे. पण आम्ही इथे राहायला आल्याच्या दुसऱ्याच वर्षी त्या ताटली देताना सहज म्हणाल्या, “हे आधीच वेगळे काढून ठेवलेत हं.” बस्स, एवढेच. त्यानंतर दरवर्षी मोदक येतात ते असे आधी वेगळे काढलेले. आणि नाताळात आमच्याकडून करंज्या, शंकरपाळे आणि केक वर जातो, तेव्हा त्यातला केक बिनअंड्याचा असतो. ही काळजी माझी पत्नी घेते. दोन बायकांनी एकही परिसंवाद न भरवता हा प्रश्न सोडवून टाकला आहे. खाण्यापिण्याच्या वादात आपले तेच खरे करण्यापेक्षा शेजारच्या माणसाच्या मनाला ठेच लागू नये हे अगोदर पाहा, असे संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले, त्याला एकोणीसशे वर्षांहून अधिक काळ लोटला. वरच्या बाईंनी ते पत्र वाचले असण्याचा संभव नाही. मी ते पुष्कळ वेळा वाचले आहे.

असो. मुलाखत सुरू झाली.

“काका, तुमचा आवडता रंग?”

“पांढरा.”

“धुणारी दुसरी आहे म्हणून,” आतून आवाज आला.

“आवडता पदार्थ?”

“चहा.” चहा हा पदार्थ आहे की नाही यावर तिने क्षणभर विचार केला आणि लिहून घेतले.

“न आवडणारी गोष्ट?”

“फोनवर बोलणे.”

“चांगली सवय?”

“रोज पहाटे पाच वाजता उठून शास्त्रवाचन.”

“वाईट सवय?”

इथे मी बराच वेळ विचार केला आणि म्हणालो, “मी जरा जास्तच वक्तशीर आहे.” आत स्वयंपाकघरात कसले तरी भांडे जोरात ठेवल्याचा आवाज झाला.

“शेवटचा प्रश्न. गेल्या वर्षात तुम्ही स्वतःमध्ये कोणता बदल केलात?”

पोरीने पेन सरसावले. तिच्या वहीत या प्रश्नाखाली दोन ओळींची जागा होती. मी खिडकीबाहेर पाहिले, पंख्याकडे पाहिले, चष्मा पुसला. शेवटी म्हणालो, “हा जरा मोठा प्रश्न आहे. नंतर सांगितला तर चालेल का?”

“चालेल. पण सोमवारी सकाळी वही द्यायची आहे,” असे बजावून ती गेली. तो गुरुवार होता.

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी माझा हिशेब मांडू लागलो. सरकारी कचेरीत सारी नोकरी हिशेबनिसाची झाली. त्यामुळे जमा आणि खर्च अशा दोन बाजू पाडल्याशिवाय मला काही सुचत नाही. आवडी एका बाजूला, सवयी दुसऱ्या बाजूला, आणि खाली शिल्लक.

आवडींची बाजू भराभर भरली. चर्चमध्ये माझी जागा ठरलेली आहे. डावीकडची तिसरी रांग, खिडकीजवळ, पंख्याखाली. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तिथे एक नवखे कुटुंब येऊन बसले. नवरा, बायको, दोन लहान मुले. मी क्षणभर त्यांच्या शेजारी नुसता उभा राहिलो. समजूतदार माणसाला कळेल असाच उभा राहिलो. त्यांना कळले नाही. मग मी मागच्या बाजूला जाऊन बसलो, आणि उपासना संपेपर्यंत माझे लक्ष त्या खिडकीवर होते. पाळकसाहेबांनी उपदेश फार चांगला केला, असे घरी येताना पत्नी म्हणाली. विषय होता परक्यांचे आदरातिथ्य.

आमच्यात ‘मंडळी’ म्हणजे चर्चची सभासदमंडळी. इतरांच्या घरी ‘मंडळी’ म्हणजे बायको. मला दोन्ही मंडळींचा धाक आहे. पण पहिल्या मंडळीला मी अधूनमधून पत्रे लिहितो, दुसरीला लिहीत नाही. तरुण मुलांनी उपासनेत गिटार आणि ड्रम आणले, तेव्हा मी चर्चच्या पंचांना तीन पानी पत्र लिहिले होते. ‘आमची परंपरा’ हा शब्द त्यात सात वेळा आला होता. आमची परंपरा म्हणजे पेटी, तबला, टाळ आणि टिळकांची गीते. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्या काळी आमच्या उपासनेत विलायती चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचे प्रस्थ मोठे होते. टिळकांनी अभंगाला, भजनाला, कीर्तनाला उपासनेत मानाने बसवले. त्या वेळी तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसलेल्या कोणा गृहस्थाने नाक मुरडले नसेल, असे मला वाटत नाही. त्यानेही पंचांना पत्र लिहिले असेल. त्यातही ‘आमची परंपरा’ हा शब्द सात वेळा आला असेल.

तीच गोष्ट शास्त्राची. माझा मुलगा मोबाइलवर बायबल वाचतो, याचा मला राग येतो. शास्त्र कसे हातात जड लागले पाहिजे! पण १८११ साली विल्यम केरीने मराठी नवा करार छापून काढला तो श्रीरामपूरला. बंगालमधल्या, आमच्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या, आणि त्यांचे ते बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले. ही सारी यातायात कशासाठी? साध्यासुध्या माणसाला, घरातल्या बाईला वाचता यावे म्हणून. मग मुलगा लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने दोन वचने वाचतो, यात रागावण्यासारखे काय आहे? काही नाही. फक्त ते मला आवडत नाही. आणि जे मला आवडत नाही ते देवालाही आवडत नसणार, असा माझा एक जुना समज आहे.

आता सवयी. बायबलात सहासष्ट पुस्तके आहेत आणि अकराशे एकोणनव्वद अध्याय. दररोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात सबंध बायबल वाचून होते. हे गणित वडिलांनी आम्हाला लहानपणी घातले होते, आणि निवृत्त झाल्यापासून मी ते तंतोतंत पाळीत आलो आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज पेन्सिलीने एक बारीक खूण असते. एके पहाटे पत्नीला ताप भरला होता. तिने पाणी मागितले. मी म्हणालो, “थांब जरा, चारच वचने राहिलीत.” ती थांबली नाही, भिंत धरून स्वतः उठली आणि पाणी घेऊन आली. मी वाचत होतो ते याकोबाचे पत्र. भुकेल्याला नुसते ‘पोट भरून जेव’ म्हटल्याने काय उपयोग, असे विचारणारे. त्या दिवसाची खूण दिनदर्शिकेवर आहे.

उपवासकाळात मी चहा सोडतो. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस. हा माझा नेम बावीस वर्षांचा आहे. पत्नीचे म्हणणे असे की, “चहा सोडण्यापेक्षा चहा सोडल्याचं सांगणं सोडा. ते जास्त कठीण आहे.” एका वर्षी मी तसा प्रयत्नही केला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी चहा पुढे केला, आणि मी नको म्हणताना असा काही सुस्कारा सोडला, की सबंध बैठकीला कळले.

शिल्लक काढायला गेलो तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली; आमच्या घरात ती माझ्या आईच्या उशाशी असत. लक्ष्मीबाई कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढल्या. पती ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षे त्या बाईने काय केले? एकेक समजूत हातात घेतली, उलटून पाहिली, आणि खोटी ठरली ती टाकली. कोणी सांगितले म्हणून नव्हे. स्वतःला पटले तेव्हा. त्यातली एकेक सवय सोडताना त्यांना काय पडले असेल, याचा विचार केला की मला माझी लाज वाटते. मी जन्मानेच ख्रिस्ती. धर्म मला वडिलांच्या घड्याळासारखा आयता मिळाला. मला काय सोडावे लागले? चहा, तोही चाळीस दिवस.

आणि मग, वाचकहो, त्या हिशेबातली एक रक्कम जुळेना. ‘न आवडणारी गोष्ट : फोनवर बोलणे.’ हे खरे नव्हते. एके काळी मला फोनवर बोलायला फार आवडत असे. दर रविवारी संध्याकाळी मी नगरला फोन करी, आणि अर्धा अर्धा तास बोलत बसे. ती आवड गेली कधी, याची तारीख मला पाठ आहे.

माझा धाकटा भाऊ नगरला असतो. सरकारदरबारी त्या गावाचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले. आमच्या तोंडी अजून नगरच आहे. वडील तिथे मिशनच्या शाळेत शिक्षक होते. शेवटची दोन वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. भावाने आणि भावजयीने त्यांचे सगळे केले. २०१३ साली ते गेले. घर भावाकडे राहिले, त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मी फक्त वडिलांचे शास्त्र मागितले. काळ्या कापडी पुठ्ठ्याचे, पाठीला दोनदा शिवलेले.

भाऊ म्हणाला, “दादा, ते इथंच राहू दे. बाबांना मी त्यातून वाचून दाखवत होतो.”

मी म्हणालो, “थोरला मी आहे.”

तो म्हणाला, “थोरला होतास, तर दोन वर्षांत कितीदा आलास?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या प्रश्नाला उत्तर नसते त्याचाच राग माणसाला फार येतो. मी पुस्तक पिशवीत घातले आणि एस.टी. स्टँड गाठला. तेव्हापासून लग्नाकार्यात भेटलो तर ‘सलाम’ म्हणण्यापुरते बोलणे राहिले. रविवारचा फोन बंद झाला. कोणी विचारले तर मी सांगू लागलो की मला फोनवर बोलणे आवडत नाही. सांगता सांगता मलाही ते खरे वाटू लागले.

आणि ते शास्त्र? अक्षर बारीक म्हणून मी ते कधी वाचायला घेतले नाही. माझे ठळक अक्षरांचे वेगळे आहे. वडिलांचे शास्त्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवले होते.

अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, असे प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे. मत्तयाचा पाचवा अध्याय. रोजच्या तीन अध्यायांच्या हिशेबात तो वर्षातून एकदा येतोच. येतो आणि जातो.

शुक्रवारी सकाळी मी स्टुलावर चढलो आणि ती पिशवी खाली काढली. पत्नीने स्टूल धरले. काही विचारले नाही. पुस्तक उघडले तसा त्यातून एक कागद खाली पडला. औषधांच्या दुकानाची पावती होती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भावाच्या अक्षरात वडिलांच्या औषधांच्या वेळा लिहिलेल्या होत्या. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री नऊ. आणि सर्वांत खाली, बहुधा आपण नसताना दुसऱ्या कोणी वाचून दाखवावे म्हणून, एक ओळ : ‘गोळीनंतर वाचन. बाबांना हळू वाचलेलं आवडतं.’

बाबांना काय आवडते हे मला कोणी विचारले असते तर मी काय सांगितले असते, याचा विचार करीत मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. त्या दिवशी माझे तीन अध्याय राहिले.

शनिवारी सकाळच्या एस.टी.ने नगरला गेलो. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार होता. पुण्याहून नगर सुमारे एकशेवीस किलोमीटर. वाटेत काय काय बोलायचे ते मी दोनदा जुळवले आणि दोनदा विसरलो. दार भावजयीने उघडले. तिने डोक्यावर पदर घेतला आणि “दादा आलेत,” असे आत सांगितले. जणू मी मागच्याच आठवड्यात येऊन गेलो होतो. भाऊ बाहेर आला. त्याचे सगळे केस पांढरे झाले आहेत. मला हे ठाऊक नव्हते, असे नाही. लग्नात पाहिले होते. पण घरात पाहिले नव्हते.

मी शास्त्र त्याच्या हातात दिले आणि वर ती पावती ठेवली. जुळवलेल्यातले “चुकलं माझं” एवढे दोनच शब्द तोंडातून बाहेर पडले.

त्याने पावती वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाला, “ही दुपारची गोळी बाबा हटकून थुंकून टाकायचे.”

आम्ही दोघेही हसलो. मग दोघांनाही हसता येईना.

वाचकांना वाटेल की यानंतर आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो. तसे काही झाले नाही. माफ केले, असे तो म्हणाला नाही. इतक्या वर्षांचे मौन एका कप चहात विरघळत नाही. जेवणे झाली, भावजयीने मला आवडते म्हणून शेंगांची चटणी केली होती, आणि ती माझी आवड तिच्या लक्षात होती हे पाहून घास घशात अडकला. दुपारी मी भावाला म्हणालो, “थोडं वाच ना.” त्याने स्तोत्रांतला एक भाग काढला आणि तो वाचू लागला. फार हळू वाचतो तो. एरवी मी अस्वस्थ झालो असतो. त्या दिवशी किती वचने झाली आणि किती राहिली, हे मी मोजले नाही.

संध्याकाळी तो स्टँडवर सोडायला आला. ‘पुन्हा ये’ असे काही म्हणाला नाही. गाडी सुटताना खिडकीशी येऊन एवढेच म्हणाला, “पोचलास की फोन कर.”

रात्री मी फोन केला. “पोचलो,” म्हणालो. तो “बरं” म्हणाला. मग दोघेही गप्प. पण फोन कोणीच ठेवला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, “तिकडं पाऊस आहे का?” पाऊस नव्हता. तरी आम्ही पावसावर दहा मिनिटे बोललो.

सोमवारी सकाळी शाळेच्या गणवेशात वरची मुलगी धावत आली. “काका, बदल काय केलात? लवकर सांगा, बस येईल.”

मी म्हणालो, “आधी ते ‘न आवडणारी गोष्ट’ काढ. ‘फोनवर बोलणे’ खोड.”

तिने नाराजीने खोडले. वहीत खाडाखोड झालेली तिला आवडत नाही. “आणि बदल?”

“झाला तो एवढाच. तोच लिही. आणि वाईट सवयीत वक्तशीरपणा लिहिला आहेस ना, तोही खोड. तिथे काय लिहायचं ते काकूंना विचार.”

काकूंनी तिला काय सांगितले ते मला अजून कळलेले नाही. दोघी बराच वेळ हसत होत्या, आणि बस जवळजवळ चुकली.

आता दिवाळी आली आहे. तुमच्या घरी साफसफाई चालली असेल. माळ्यावरच्या पिशव्या खाली येत असतील. त्यांत एखादी अशी निघाली, की जी उघडायला तुम्हाला ‘आवडत नाही’, तर तेवढी एक उघडून पाहा. स्टूल धरायला मात्र कोणाला तरी सांगा.

तुम्हा सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो.